मिटलेले झरे

बोरड्याच्या कोळसा खाणीत पाण्याचं काम वृषाली उरकुडेकडे होतं. खाणीच्या तळाशी साचणारं पाणी उपसायचं, मातीच्या ढिगाऱ्यांवरून ओघळणारं पाणी नाल्यांतून वळवायचं, टाक्यांमध्ये गाळ बसवून मग ते बाहेर सोडायचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या त्या अवाढव्य खुल्या खाणीत कोळसा फोडणाऱ्या यंत्रांना मान होता, कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यांना होता, वजनकाट्यावरच्या बाबूलाही होता. पाणीवाल्या मॅडमची आठवण मात्र तळात पाणी चढलं की व्हायची.

वृषालीला त्याचं वाईट वाटत नसे. ती याच मातीतली होती. जुनं बोरडा गाव होतं तिथं आता खड्डा होता, आणि ती हसत सांगायची, "माझा जन्म झाला ती जागा आता हवेत आहे."

गाव उठलं तेव्हा ती शाळेत होती. आई आधीच गेली होती; नव्या बोरड्याच्या पत्र्याच्या घरात बाबाही फार टिकले नाहीत. तिला वाढवलं ते मोठ्या बहिणीने, बेबीनंदाने. बेबीताईने खाणीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या, स्वतःच्या लग्नाचा विषय कोणाला काढू दिला नाही आणि धाकटीला इंजिनियर केलं. वृषालीला याच खाणीत नोकरी लागली त्या दिवशी ताई एवढंच बोलली, "आपली जमीन त्यायनं नेली. तू आत जाऊन राहिली, तर तिच्यातली थोडीशी तरी बाहेर काढ."

ते वाक्य वृषालीने मनात जपून ठेवलं होतं.

जमीन बाहेर काढणं सोपं नव्हतं. कोळसा खोल असतो. त्याच्यापर्यंत पोचायचं तर वरची सगळी माती, मुरूम, खडक काढून बाजूला रचावा लागतो. असे डोंगर बोरड्याभोवती उभे होते. त्या खडकात लोखंड आणि गंधक मिळून झालेले बारीक चकाकते कण असतात. जमिनीच्या पोटात ते लाखो वर्षं गपगुमान पडून असतात. त्यांना हवा आणि पाऊस लागला की मात्र त्यांच्यातून तेजाब पाझरायला लागतं, गाडीच्या बॅटरीत असतं तेच. बोरड्याच्या डोंगरांवर कुसळसुद्धा उगवत नसे. पायथ्याचा कोलारी नाला गंजासारखा तांबडा वाहायचा. गुरं त्याला तोंड लावत नसत, बाया त्यात पाय घालत नसत.

मग शिलाबंध आलं.

नागपूरच्या एका प्रयोगशाळेत डॉक्टर मुजावरांनी मातीतल्या एका साध्या जिवाणूला नवं वळण लावलं होतं. हा जिवाणू युरिया खायचा. तो युरिया खातो तेव्हा त्याच्या अवतीभवती चुन्याचे स्फटिक बसतात आणि दोन कणांमधली फट बुजून जाते. अशा कोट्यवधी फटी बुजल्या की सुटी माती दगड होते. डोंगरावर हे 'शिलाबंध' द्रावण फवारलं की हातभर खाली दगडाचं एक सलग कातडं तयार होई. आत हवा नाही, पाणी नाही, म्हणून तेजाबही नाही. वर चांगली माती अंथरली की पेरा. लोकांनी त्या जिवाणूचं नाव ठेवलं, 'दगड्या'.

"सुटला तर?" वृषालीने पहिल्याच बैठकीत विचारलं होतं.

"सुटून जाईल कुठे?" मुजावर म्हणाले होते. ते वयस्कर, मऊ बोलणारे गृहस्थ होते. "त्याला युरिया आपण देणार. आपण थांबलो की आठवड्यात उपाशी मरेल. त्याचा लगाम त्याच्या पोटाशी बांधलाय, बाई."

वृषालीने प्रस्ताव लिहिला, वरिष्ठांच्या मागे लागली, मंजुरी आणली. दोन पावसाळ्यांत कोलारी नाला निवळला. तिसऱ्या वर्षी डोंगरावर गवत आलं. त्यानंतर कंपनीने डोंगराची पूर्वेकडची उतरण नव्या बोरड्याच्या बायांच्या गटाला कसायला दिली, आणि गटाच्या अध्यक्ष होत्या बेबीनंदा उरकुडे. कंबरेला ओचा खोचून ताई त्या उतारावर उभी राहिली तेव्हा वयाने दहा वर्षं लहान झाल्यासारखी दिसत होती. बांधांवर सीताफळं लावली, मधल्या पट्ट्यांत तूर, ज्वारी, जवस. दुसऱ्या जिल्ह्यांतले लोक बघायला येत. ताई त्यांना मातीची मूठ हातात देऊन सांगायची, "वास घेऊन पाहा. कोळशाचा वास येते का?"

वृषालीच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली वर्षं होती.

*

धानोलीच्या विहिरी आटल्याची बातमी दिवाळीच्या तोंडावर आली. पाऊस भरपूर झाला होता, नाले अजून वाहत होते, आणि खाणीपासून हाकेच्या अंतरावरच्या धानोलीत विहिरीत बादली ठणकन तळाला आपटत होती. सरपंच कंपनीच्या दारात येऊन ओरडले, "तुमची खाण पाणी ओढून घेऊन राहिली!"

खाण पाणी ओढते हे खरंच होतं. पण वृषालीने आकडे पाहिले तर खाणीत येणारं पाणीही कमी झालं होतं. तळातले दोन पंप बंद ठेवावे लागत होते. सगळे खूश होते; ती नव्हती. पाऊस पडला, तो खाणीत आला नाही, विहिरीत आला नाही, तर गेला कुठे?

ती धानोलीला गेली. दोराच्या पाळण्यात बसून स्वतः विहिरीत उतरली. एरवी ज्या कपारींतून पाण्याचे झरे फुटतात त्या जागी भिंत गुळगुळीत होती, कोणी आतून गिलावा केल्यासारखी. तिने बोट फिरवलं. पांढरट, थंड, घट्ट. छिन्नीने एक ढलपी काढून तिने रुमालात बांधली. वर डोकावणाऱ्या बायांपैकी एकीने विचारलं, "मॅडम, झरा सापडला का?"

"बघते," ती म्हणाली. आपला आवाज विहिरीत विचित्र घुमतोय असं तिला वाटलं.

खाणीच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली तिने ती ढलपी ठेवली आणि बराच वेळ डोळा काढला नाही. मुरुमाच्या कणांमधल्या सगळ्या फटी स्फटिकांनी भरल्या होत्या, आणि स्फटिकांच्या कडेला ते होते. जिवंत. भरल्या पोटी.

तिने मुजावरांना फोन लावला. त्यांनी नमुना मागवून घेतला आणि पुढच्याच आठवड्यात स्वतः फोन केला. आवाज ओळखू येत नव्हता.

"त्याला आपण उपाशी ठेवलं, वृषालीबाई. पण तुमचे शेतकरी खायला घालतायत."

तिला क्षणात कळलं. कापसाला युरिया, गव्हाला युरिया. पिकाला लागतो त्याहून कितीतरी जास्त, आणि उरलेला पाण्याबरोबर झिरपत खाली. त्या भागात खाली चुनखडीचा थर होता, म्हणजे स्फटिकांना लागणारा चुनाही फुकट. डोंगराच्या पायथ्याशी, नाल्याचं निवळलेलं पाणी जमिनीत मुरावं म्हणून तिनेच मुरवण-विहिरी खणून घेतल्या होत्या. निवळलेलं पाणी, आणि त्याच्याबरोबर दगड्या. लगाम तुटला नव्हता. फक्त ज्या पोटाशी तो बांधला होता ते पोट आता शेताशेतात भरत होतं.

"पुढे काय होईल?"

"जिथे पाणी आणि युरिया आहे तिथे जाईल, आणि जिथून जाईल तिथे मागे दगड ठेवत जाईल. पाऊस पडेल, वरच्या वर वाहून जाईल. जमिनीत काही उतरणार नाही."

"मरतो कशाने?"

मुजावर म्हणाले, "तेजाबाने. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, चारच्या खाली गेला की मरतो. स्फटिकही विरघळतात. दुसरा उपाय मला माहीत नाही. माहीत असता तर आयुष्यभराची पेन्शन देऊन विकत घेतला असता."

*

खालची चुनखडी विरघळवूनही उरेल इतकं तेजाब त्या मुलखात एकाच जागी होतं. खाणीचा जुना दोन नंबरचा खड्डा कोळसा संपल्यावर सोडून दिलेला होता. शिलाबंध यायच्या आधीचा. त्यात वर्षानुवर्षं तांबडं पाणी साचलं होतं आणि एका मोठ्या बांधाने ते अडवलेलं होतं. बांधाला लोखंडी दरवाजा होता. तो उघडला तर पाणी डोंगराच्या पायथ्याच्या नालीत येईल, नालीतून मुरवण-विहिरींत आणि तिथून जमिनीखाली, दगड्या ज्या वाटेने गेला त्याच वाटेने त्याच्या मागे.

पण ती नाली पूर्व उतरणीच्या पायथ्यालाच होती. तेजाब आधी डोंगराचं दगडी कातडं खाईल. कातडं फाटलं की हवा आणि पाणी आत, आणि मग डोंगर स्वतःच तेजाब करायला लागेल. एकदा सुरू झालेलं ते पिढ्यान्‌पिढ्या थांबणार नाही.

वृषाली नकाशा घेऊन व्यवस्थापक रामटेके साहेबांकडे गेली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं, दोनदा ऐकलं.

"कुठवर आलंय हे?"

"धानोलीच्या पुढे. जमिनीखालचं पाणी वर्धा नदीकडे सरकतं. एकदा हे नदीच्या वाळूत शिरलं की साहेब, नदीकाठच्या गावांच्या विहिरी, शहराच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरी, सगळं संपलं. नदी वरून वाहील, पण वाळूत पाणी धरणार नाही. उन्हाळ्यात नुसता दगडी ओटा राहील."

"किती वेळ आहे?"

"माझ्या हिशेबाने जानेवारीच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत कधीही."

रामटेक्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "वर कळवतो. समिती बसेल. समितीला हे पटायलाच उन्हाळा लागेल." मग खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लेखी माझ्याकडे काही मागू नका. पाण्याचे दरवाजे तुमच्या ताब्यात आहेत. कुठला कधी उघडायचा हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही, आताही विचारणार नाही."

ती बाहेर आली. समोर कोळशाचा पट्टा धडधडत साठवणीच्या उंच सायलोकडे चालला होता, त्यावर पाण्याचे फवारे उडत होते. हात धुवायच्या नळाशी उभं राहून तिला पहिल्यांदाच रडू आलं. परवानगीही नाही आणि मनाईही नाही. सगळं तिच्या एकटीच्या पदरात टाकून माणसं आपापल्या कामाला लागली होती.

*

ताई उतारावर होती. तूर छातीपर्यंत आली होती, पिवळ्या फुलोऱ्याखाली कोवळ्या शेंगा धरल्या होत्या. इतर बाया बांधाच्या सावलीत डबे उघडून बसल्या होत्या. वृषालीने ताईला बाजूला घेतलं आणि सांगितलं. काही लपवलं नाही.

ताईने सगळं ऐकून घेतलं. मग एक शेंग तोडून नखाने सोलली, दाणे तळव्यावर घेतले.

"म्हणजे पुन्हा नेऊन राहिले."

"ताई, या वेळी कंपनी नाही. मी आहे."

"तेच तर म्हणून राहिली मी." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं. "पहिल्यांदा नेली तेव्हा साहेब लोक होते, पोलीस होते, त्यायले शिव्या देता आल्या. आता मी कोणाले शिव्या देऊ वं? तुले?"

"दे."

"तुले काहून देऊ? तू तर लहान असताना मी गरम पोळीचा पापुद्रा काढून तुले खाऊ घालत होती."

खाली खाणीचा भोंगा झाला, पाळी बदलली. बायांपैकी मंदा कोवे हाक मारत होती, "बेबीबाई, जेवता का नाही?"

"किती गावं?" ताईने विचारलं.

"नदीला लागलं तर मोजायलाच नको."

ताईने हातातले दाणे तोंडात टाकले, चावले. मग दुसरीकडे बघत म्हणाली, "तूर घरी येऊ दे. एवढंच मागून राहिली. या बायांनी सहा महिने पाठ मोडली इथं. संक्रांतीपर्यंत कापून, झोडून घेऊ. मंग सोड तुझं पाणी. मी अडवणार नाही. कोणाले अडवूही देणार नाही."

वृषालीच्या हिशेबाला दोन टोकं होती, जानेवारीची सुरुवात आणि फेब्रुवारीचा शेवट. संक्रांत दोन्हींच्या मध्ये पडत होती. तिला माहीत होतं की अशा वेळी इंजिनियरने कुठलं टोक धरायचं असतं. पहिल्याच वर्षी ते शिकवतात. पण समोर बेबीताई उभी होती. आयुष्यात तिने वृषालीकडे आजवर एकही गोष्ट मागितली नव्हती.

"ठीक आहे," वृषाली म्हणाली. "तूर येऊ दे."

*

डिसेंबर तिने कसा काढला ते तिचं तिला माहीत. धानोलीच्या पुढे नदीच्या वाटेवर तिने बारीक बोअर मारून घेतले होते. दर आठवड्याला त्यांतली माती वर काढून बघायची. पहिल्या बोअरमध्ये पांढरे धागे दिसले. मग दुसऱ्यात. तिसरा, नदीजवळचा, कोरा होता. दर वेळी तो कोरा निघाला की ती श्वास सोडायची आणि डोंगराकडे बघायची. तूर पिवळी पडत होती.

एक गोष्ट तिच्या हिशेबात कमी धरली गेली होती. त्या वर्षी पाऊस चांगला झाला म्हणून नदीकाठच्या गावांनी कधी नाही इतका गहू पेरला होता. गव्हाला डिसेंबरात पाणी देतात, आणि पाण्याबरोबर युरियाचा दुसरा हप्ता. तिने शेतांवर पांढऱ्या गोण्या उतरताना पाहिल्या होत्या. पाहून गाडी पुढे नेली होती. आकडा बदलून पुन्हा गणित मांडायचं तिने टाळलं, कारण उत्तर काय येईल याची तिला भीती वाटत होती.

संक्रांतीच्या आधी तूर कापून झाली. उतारावर पेंढ्यांचे ढीग लागले, बायांनी काठ्यांनी शेंगा झोडल्या, वाऱ्यावर उफणल्या. गाणी म्हटली. ताई म्हणाली नाही, पण काठी सगळ्यांपेक्षा जोरात चालवत होती. पोती गावात पोचली त्या दुपारी तिने वृषालीला फोन केला.

"झालं. सोड आता."

"ताई, बघायला येऊ नकोस."

"येईन," ताई म्हणाली.

ती आली. तिच्यासोबत गटातल्या सगळ्या बाया आल्या आणि बांधावर एका ओळीत उभ्या राहिल्या. वृषालीने दरवाजाचं चाक फिरवायला घेतलं. ते गंजलेलं होतं, तिच्याने हलेना. मंदा कोवे खाली उतरली, काही न बोलता दुसऱ्या बाजूने हात लावला. मग आणखी दोघी आल्या. ताई मात्र जागेवरून हलली नाही. चाक करकरत फिरलं आणि तांबडं पाणी फेसाळत नालीत पडलं. नाकाला झोंबणारा वास सुटला. आदल्या वर्षी बायांनीच नालीच्या कडेला लावलेली वाळ्याची रोपं पाण्याने एकामागून एक झोपवली.

मंदाने पदर तोंडाला लावला. "आपणच लावलं आणि आपणच..."

आठवडाभरात पायथ्याची सीताफळं करपली. पंधरवड्यात उतारावर भेगा पडल्या आणि भेगांतून गंजाचे ओघळ दिसायला लागले. डोंगर आतून जागा झाला होता.

*

तेजाबाने आपलं काम केलं. धानोलीपुढच्या पहिल्या बोअरमधून वर काढलेल्या मातीत दगड्या मेलेला सापडला, स्फटिक विरघळून मुरूम पुन्हा भुसभुशीत झाला होता. धानोलीच्या विहिरीला पाझरही फुटला. बाया धावत गेल्या, बादल्या टाकल्या. वर आलं ते चहाच्या कोऱ्या काढ्यासारखं पाणी होतं. एकीने चूळ भरून थुंकून टाकली. ते पाणी निदान एका जन्मात तरी प्यायजोगं होणार नव्हतं, हे वृषालीने सरपंचांना सांगितलं. ते ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "टँकर किती दिवस देणार?"

मग तिने नदीजवळचा तिसरा बोअर उघडला; डिसेंबरअखेरीपासून भीतीने तिने तो उघडला नव्हता. वर आलेल्या वाळूचा हातात चुरा झाला नाही. तिचा एक दंडगोल निघाला, पांढरा, घट्ट, खडूच्या कांडीसारखा. तो तिने हातात धरला आणि वाळूतच बसून राहिली.

मुजावरांनी नमुना पाहून जे सांगितलं ते तिला आधीच कळलं होतं. पुढचे जिवाणू तेजाब पोचायच्या आधीच नदीत उतरले होते, आणि नदीच्या पाण्यात तेजाब विरून जाणार होतं. "डिसेंबरच्या शेवटी, किंवा जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात," ते म्हणाले. "त्या वेळी मागून तेजाब आलेलं असतं तर..." मग थांबून म्हणाले, "दोष माझा आहे, बाई. तुम्ही स्वतःला खाऊ नका." त्यांचं म्हणणं खरंच होतं. त्याने तिला काहीच फरक पडला नाही.

तिने शहराला कळवलं, जिल्ह्याला कळवलं; गावांना मात्र अजून कोणी काही सांगितलं नव्हतं. नदीकाठच्या गावांची यादी करून एकेका ठिकाणी नमुने घ्यायला माणसं पाठवली. चिंचोलीच्या घाटावरचा नमुना फेब्रुवारीत आला. त्यातही पांढरे धागे होते. तोवर कंपनीने तिला निलंबित केलं होतं, परवानगीशिवाय बांधाचा दरवाजा उघडून पुनर्वसित जमिनीची हानी केल्याबद्दल. कागदावर सही रामटेके साहेबांची होती. अक्षर ओळखू येत नव्हतं.

नव्या बोरड्यात पाणी राहिलं नव्हतं आणि डोंगरही राहिला नव्हता. माणसं उठायला लागली. कोणी नागपूरला, कोणी तेलंगणात मिरची तोडायला. मंदा कोवे नवऱ्याबरोबर आदिलाबादकडे गेली. गट मोडला.

वृषाली ताईच्या घरी गेली तेव्हा दारात टेम्पो उभा होता. पत्र्याची पेटी, गाद्यांची वळकटी, तुरीची दोन पोती चढवून झाली होती. ताई पायरीवर बसून चपलेचा तुटलेला पट्टा दोऱ्याने शिवत होती. महिन्याभरात दोघी बोलल्या नव्हत्या. भांडण झालं नव्हतं, पण काय बोलायचं तेच कोणाला सुचत नव्हतं.

"बस," ताई म्हणाली. "चहा नाही देत, सगळं बांधलं."

"राहू दे."

"तुले रागानं काही नाही बोलली मी. तू बोलली तसं केलं. तूर येऊ दिली, मंग सोडलं." तिने दात लावून दोरा तोडला. "मी आपल्या मनाले समजावून राहिली होती इतके दिवस. आपला डोंगर गेला, पण नदी राहिली ना. हजारो लोकं पाणी पिऊन राहिले असतील तिचं. त्यायच्यासाठी गेला म्हणायचा. बाबा गेले तेव्हा असं काही म्हणता आलं नव्हतं."

ताईने चप्पल पायात घालून पाहिली, उभी राहिली.

"कुठे जातेयस?"

"चिंचोलीले, कमलमावशीकडे. मावशी म्हणते, आमच्या घाटावर बारमाही पाणी, तू ये. मागं थोडीशी वाडी आहे तिची, म्हातारीच्यानं होत नाही आता. वांगे लावीन, मिरच्या लावीन. नदीच्या काठी का वं, काहीही येते."

टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली. ताई पेटीवरची दोरी ओढून पाहत होती. वृषालीला वाटलं, गप्प बसावं. जाऊ द्यावं. निदान एक पावसाळा, एक हिवाळा ती वांगी लावेल, नदीला नमस्कार करेल. मग एखाद्या उन्हाळ्यात मावशीची विहीर ठणठणीत कोरडी पडेल, आणि त्या वयात ताई पुन्हा पेटी बांधेल. तिसऱ्यांदा.

"ताई," ती म्हणाली. "चिंचोलीला नको जाऊ."

ताईचा हात दोरीवर तसाच राहिला. तिने वळून बहिणीकडे पाहिलं आणि पाहतच राहिली. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. ती हिशेब शिकलेली नव्हती, पण वृषालीचा चेहरा तिने लहानपणापासून वाचला होता.

"कधी पोचलं?" तिने विचारलं.

वृषालीने टेम्पोतल्या तुरीच्या पोत्यांकडे पाहिलं.

"तूर उभी होती तेव्हा?"

वृषालीने होकाराची मान हलवली.

ताई हळूच पुन्हा पायरीवर बसली. तिने दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांच्यावर झोडणीचे घट्टे अजून ताजे होते. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग गाडी बंद करून खाली उतरला आणि दोघींकडे बघून बाजूला जाऊन उभा राहिला.

"मंग मी कुठी जाऊ?" ताईने विचारलं.

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच माहीत करून घ्यायचं होतं. आजवर ज्या गोष्टी कळत नसत त्या ती शिकलेल्या धाकट्या बहिणीलाच विचारत आली होती, आणि बहीण उत्तर देत आली होती. वृषाली तिच्या शेजारी पायरीवर बसली. तिला त्या जिल्ह्यातला एक एक नाला, एक एक ओढा पाठ होता, पाणी कुठून निघतं आणि कुठे जातं ते सगळं. ती मनातल्या मनात एकेक गाव घेत गेली आणि एकेक सोडत गेली.